भाडेकरू सासरे होते, ते गेले. मग गाळा कोणाचा?

प्रश्न : चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे कोकम, आगळ, कुळथाचे पीठ, आंबापोळी आणि मसाल्यांचे छोटे दुकान आहे. गाळा सासऱ्यांनी १९८४ साली तोंडी बोलीवर भाड्याने घेतला. यजमान मुंबईला नोकरीला असल्यामुळे लग्नानंतर मीच सासऱ्यांबरोबर दुकानात बसत आले. सासरे २०१७ मध्ये वारले. त्यानंतर भाडे मी देत आले, पण पावत्या सासऱ्यांच्याच नावाने निघत राहिल्या आणि त्यातल्या बहुतेक २२ जुलै २०२१ च्या पुरात गेल्या. गेल्या वर्षी मूळ मालकही गेले. त्यांचा थोरला मुलगा पाच महिन्यांपासून भाडे घेत नाही. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे : तुम्ही केवळ लायसन्सी आहात, मूळ भाडेकरू गेल्याने तुमचा हक्क संपला, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर सही करून १,८०० ऐवजी १२,००० रुपये द्या, नाहीतर तीस दिवसांत गाळा रिकामा करा. मागच्या विहिरीवरून येणारे पाणी त्यांनी बंद केले आहे. कौले गळतात, दुरुस्तीला ते नाही म्हणतात. पुराच्या भीतीने मला सिमेंटचा पोटमाळा घालायचा आहे. दुकानाच्या पुढच्या भागात बहिणीचा मुलगा मोबाइल रिचार्जचे टेबल लावतो आणि महिना हजार रुपये देतो. जागा बिल्डरला जाणार असेही कानावर येते. ते गणपतीला गावी येतील तेव्हा बसून मिटवावे, की कोर्टात जावे?

— एक दुकानदार भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, तुमच्या पत्रासोबत नोटिशीची प्रत होती हे फार चांगले झाले, कारण तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा त्या नोटिशीतच आहे आणि तो तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. नोटिशीच्या दुसऱ्या परिच्छेदात समोरच्या वकिलांनी लिहिले आहे की ‘सदर गाळा आमच्या अशिलाच्या वडिलांनी आपल्या सासऱ्यांस दरमहा रु. १,८०० भाड्याने दिलेला होता’, आणि पाचव्या परिच्छेदात तेच तुम्हाला लायसन्सी म्हणतात. भाडेकरार झाला होता, भाडे किती होते आणि ते कोणाकडून येत होते, या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर मान्य केल्या आहेत. ती मूळ नोटीस आणि ज्या पाकिटातून ती आली ते पाकीट, दोन्ही प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दुकानाबाहेर, उंचावरच्या घरी ठेवा. पुराचा अनुभव असलेल्या गावात हे सांगायला नको, तरी सांगतो.

तुमचा मुख्य प्रश्न हक्काचा आहे, म्हणून आधी तो घेऊ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे आणि त्याच्या कलम ७ मध्ये ‘भाडेकरू’ या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात व्यवसायाच्या जागेचा भाडेकरू मरण पावल्यास पुढे काय होते हे स्पष्ट लिहिलेले आहे : मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर त्या जागेत व्यवसाय करणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू होते, आणि अशी व्यक्ती नसल्यास वारसांपैकी कोण, हे आपापसांत न ठरल्यास न्यायालय ठरवते. सासऱ्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत गल्ल्यावर तुम्ही बसत होता. म्हणजे ‘मूळ भाडेकरू गेले, हक्क संपला’ हे वाक्य कायद्याच्या नेमके उलट आहे. सावधगिरी एवढीच घ्या की तुमचे यजमान आणि नणंदा यांच्याकडून ‘हा व्यवसाय सासऱ्यांच्या हयातीत त्यांच्याबरोबर हीच करत होती व भाडेकरू म्हणून हिचे नाव लागण्यास आमची हरकत नाही’ असे प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. भाडेकरूच्या घरात दुफळी आहे असे दिसले की समोरचा पक्ष तिथेच पाचर मारतो.

हा अधिनियम राज्यात सरसकट लागू नाही. त्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता तो आहे. त्यामुळे वकिलांच्या पहिल्याच भेटीत तुमचा गाळा ज्या हद्दीत येतो तिची नोंद अनुसूचीत पाहून घ्या. हे पत्र वाचणाऱ्या, पण ग्रामपंचायत हद्दीत हायवेलगत किंवा समुद्रकिनारी दुकान, खानावळ चालवणाऱ्या अनेकांना हे संरक्षण नसते. त्यांचा व्यवहार मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे चालतो आणि त्याच्या कलम १०६ नुसार महिन्याची भाडेदारी पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. मात्र नोटिशीने भाडेदारी संपली तरी कुलूप तोडण्याचा किंवा माल रस्त्यावर फेकण्याचा अधिकार मालकाला तिथेही मिळत नाही. त्याला ताब्याचा दावाच लावावा लागतो.

आता पुराव्यांकडे वळू, कारण तुमच्या पत्रात सर्वांत जास्त धास्ती पावत्या गेल्याची दिसते. पावती हा भाडेदारीचा एकमेव पुरावा नव्हे. सासऱ्यांच्या काळापासूनचा गुमास्ता परवाना, अन्न परवाना, वीजबिले, नगरपरिषदेच्या कर आकारणी उताऱ्यावर भोगवटादार म्हणून नाव असल्यास तो उतारा, बँकेच्या खात्यावरचा दुकानाचा पत्ता, घाऊक व्यापाऱ्यांची जुनी बिले, हे सगळे एकत्र ठेवले की १९८४ पासूनचा अखंड ताबा उभा राहतो. आणखी एक कागद आहे, जो चिपळूणच्या शेकडो दुकानदारांच्या नावे सरकारी दप्तरात असूनही कोणाला आठवत नाही : जुलै २०२१ च्या पुरानंतर नुकसानीचा जो पंचनामा झाला त्यात दुकान कोणाचे, जागा कोणाची आणि आत कोण व्यवसाय करत होते याची नोंद त्या वेळीच, कोणताही वाद नसताना, शासकीय कर्मचाऱ्याच्या हाताने झालेली आहे. वाद उत्पन्न होण्याआधीच्या अशा नोंदीला न्यायालयात वजन असते. तुमच्या पंचनाम्याची आणि मिळालेल्या मदतीच्या नोंदीची प्रत तहसील कार्यालयातून मागवा. तोंडी मागून मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज द्या, त्याला तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ज्या पावतीने तुमची भाडेदारी सिद्ध झाली असती ती पुराने नेली, पण त्याच पुराचा पंचनामा तुमच्या उपयोगी पडेल.

यापुढचे सर्वांत तातडीचे काम म्हणजे भाडे. पाच महिने त्यांनी भाडे घेतले नाही आणि तुम्ही ते घरात डब्यात बाजूला काढून ठेवले आहे, असे तुम्ही लिहिता. तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण डब्यातले पैसे न्यायालयाला दिसत नाहीत. भाडे आणि कायद्याने अनुज्ञेय असलेली वाढ देण्यास जो भाडेकरू ‘तयार व राजी’ आहे त्याच्याकडून थकबाकीच्या कारणाने ताबा घेता येत नाही, हे कलम १५ चे सार आहे. आणि ही तयारी कागदावर दिसली पाहिजे. म्हणून पाच महिन्यांचे ९,००० रुपये धनादेशाने, एका छोट्या पत्रासह, पोहोच घेऊन स्पीड पोस्टाने पाठवा. पत्रात लिहा की हे भाडे अमुक महिन्यांचे असून ते मयत मालकांच्या सर्व वारसांसाठी आहे, पावती द्यावी, बँक खात्याचा तपशील कळवावा आणि कायद्याने देय असलेली वाढ देण्यासही मी तयार आहे. इतर भावंडांचे पत्ते माहीत असतील तर त्यांनाही प्रती पाठवा, कारण वडिलांच्या मागे एकटा थोरला मुलगा मालक होत नाही. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आले तर ते उघडू नका. चिकटवलेले, पोस्टमनच्या शेऱ्याचे पाकीट न्यायालयासमोरच उघडायचे असते. मग पुढच्या प्रत्येक महिन्याला, न चुकता, हेच करा, परत येणार हे ठाऊक असले तरीही.

नोटिशीतली तीस दिवसांची मुदत वाचून तुमची झोप उडाली आहे हे कळते, परंतु थकबाकीच्या मुद्द्यावर दावा लावण्यासाठी मालकाला लेखी मागणीनंतर नव्वद दिवस थांबावेच लागते. आणि दावा लागलाच, तर समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांच्या आत थकलेले भाडे दर साल दर शेकडा १५ व्याजासह न्यायालयात भरून पुढे नियमित भरत राहिल्यास आणि न्यायालय ठरवील तो दाव्याचा खर्च दिल्यास, थकबाकीच्या कारणाने ताबा देण्याचा हुकूमनामा होत नाही. नोटिशीत मागील दहा वर्षांचा ‘फरक’ मागितला आहे तोही असाच घाबरवण्यासाठी आहे. भाड्याच्या वसुलीला तीन वर्षांची मुदत आहे आणि या अधिनियमाखाली मालकाला वाढ मिळते ती वर्षाला ४ टक्के. १,८०० वर ती पहिल्या वर्षी महिन्याला ७२ रुपये होते, १०,२०० होत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बाजारपेठेतल्या गाळ्याला १,८०० रुपये हे आजच्या काळात थोडे आहेत, मालकाच्या मुलांना ते सलते यात अस्वाभाविक काही नाही, आणि तुमची दुकानदारी बरी चालत असेल तर स्वखुशीने, योग्य कागदावर, वाजवी वाढ देण्याची तुमची तयारी असावी.

तो योग्य कागद म्हणजे लिव्ह अँड लायसन्स नव्हे. या एका बाबतीत माझे मत अगदी ठाम आहे : त्या कागदावर, कोणीही मध्यस्थी केली तरी, सही करू नका. भाडेकरूला जागेत हक्क असतो. लायसन्स घेणाऱ्याला जागा वापरण्याची फक्त परवानगी असते, आणि मुदत संपली की ती परवानगी संपते. चाळीस वर्षांची भाडेदारी तुम्ही स्वतःच्या सहीने सोडून दिली, असा अर्थ त्या अकरा महिन्यांच्या कागदातून निघेल. न्यायालये कागदाच्या मथळ्यापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप पाहतात हे खरे आहे. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या निकालात दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलातील केशकर्तनाच्या खोल्यांचा ‘लायसन्स’ म्हणून लिहिलेला कागद सर्वोच्च न्यायालयाने भाडेपट्टा ठरवला होता. पण ते सिद्ध करायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. जो वाद सही न केल्याने टळतो तो सही करून ओढवून घेऊ नये.

नोटिशीला वकिलांमार्फत लेखी उत्तर द्या. त्यात सासऱ्यांची भाडेदारी, तुमचा त्यांच्याबरोबरचा व्यवसाय, त्यांच्या पश्चात तुमच्याकडून स्वीकारलेले भाडे, पाच महिन्यांचा नकार आणि बंद केलेले पाणी, एवढ्या गोष्टी तारखांसह याव्यात. रागाचे एकही वाक्य नको. त्यांच्या वडिलांनी सासऱ्यांना अडीअडचणीला केलेली मदत तुम्ही पत्रात कृतज्ञतेने लिहिली आहे. ती मनात असू द्या, उत्तरात तिचा उपयोग नाही.

पाण्याबद्दल मात्र थांबू नका. कलम २९ प्रमाणे, सबळ कारणाशिवाय भाडेकरूचा पाणी, वीज, स्वच्छता यांसारखा अत्यावश्यक पुरवठा तोडणे मालकाला मना आहे आणि तो सुरू करून द्यावा असा आदेश, अंतरिम आदेशासह, न्यायालय देऊ शकते. हा अर्ज चिपळूणच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे करायचा असतो. व्हॉल्व्हला घातलेल्या कुलपाचे, कोरड्या नळाचे आणि तुम्ही पाणी विकत घेता त्याच्या पावत्यांचे फोटो काढून ठेवा. उद्या वीज तोडतील ही तुमची भीती असेल, तर मीटर स्वतःच्या नावे घेण्याचा अर्ज महावितरणकडे करता येतो. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ मध्ये मालकाबरोबर भोगवटादाराचाही उल्लेख आहे, आणि घरमालकाचे ना-हरकत पत्र नाही म्हणून भाडेकरूची वीज अडवता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे.

गाळ्याला कोणी कुलूप घालण्याची धमकी दिली असेल तर त्याच न्यायालयात ताब्याला अडथळा करू नये म्हणून निरंतर मनाईचा दावा आणि त्यातच तूर्तातूर्त, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, मनाईचा अर्ज करावा. कुलूप घातलेच, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न निघतच नाही. कायद्याचा मार्ग सोडून तुम्हाला बाहेर काढले का, एवढेच पाहिले जाते. लायसन्सची मुदत संपलेल्या उपाहारगृहाच्या प्रकरणात, कृष्ण राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या १९८९ च्या निकालात, स्थिर ताबा असलेल्या माणसाला कायदेशीर कारवाईनेच काढता येते हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले. पोलीस ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून परत पाठवतील, तरी लेखी तक्रार देऊन पोहोच घ्याच.

कौलांसाठी मालकाला किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. त्यांनी दुरुस्ती केली नाही तर तुम्ही ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकता, पण एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. तुमचे वार्षिक भाडे २१,६०० रुपये, म्हणजे मर्यादा ५,४०० ची. फुटकी कौले बदलणे, रिपा बदलणे, वर ताडपत्री टाकणे यात हे बसावे. कौले विकत घेतल्याची आणि मजुरीची बिले ठेवा. सिमेंटचा पोटमाळा मात्र अजिबात घालू नका. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हे कलम १६ खाली ताबा घेण्याचे स्वतंत्र कारण आहे आणि समोरचा पक्ष अशाच चुकीची वाट पाहत असतो. माल उंचावर ठेवण्यासाठी नटबोल्टचे लोखंडी रॅक किंवा लाकडी फळ्या घ्या. भिंतीला धक्का न लावता काढता येईल अशा सोयीला कायद्याची हरकत नाही. गळतीमुळे दुकान काही महिने बंद ठेवावे असाही विचार तुम्ही लिहिला आहे, तोही सोडून द्या; योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसणे हेही त्याच कलमात आहे. अर्धा दिवस का होईना, फळी उघडी राहू दे.

भाच्याचे टेबल हा तुमच्या प्रकरणातला खरोखर कच्चा दुवा आहे. तो तुमच्या धंद्यात मदतनीस असता तर प्रश्न नव्हता, पण जागेच्या काही भागात तो स्वतःचा व्यवसाय करतो आणि तुम्हाला महिना ठरावीक रक्कम देतो, याला बेकायदा पोटभाडे म्हणता येईल. ही व्यवस्था आजच बंद करा. झाले ते लपवू नका. वकिलांना पहिल्याच बैठकीत, किती महिने आणि किती रुपये, हे सांगा. उलटतपासणीत कळण्यापेक्षा आपल्या वकिलाला आधी कळलेले केव्हाही बरे.

बिल्डरच्या बातमीने घाबरून जाऊ नका. जागा विकली तरी भाडेकरू विकला जात नाही. खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो आणि भाडेदारी तशीच पुढे चालते. मालकाला स्वतःसाठी खरी व वाजवी गरज असल्यास ताबा मागता येतो, पण त्यात हुकूमनाम्याने अधिक हाल कोणाचे होतील हे न्यायालय पाहते. इमारत पाडून नवी बांधण्यासाठी ताबा हवा असेल तर नकाशे व अंदाजपत्रक नीट तयार आहेत का आणि पैशाची तजवीज झाली आहे का, हेही दाखवावे लागते. नुसते ‘बिल्डरशी बोलणे झाले आहे’ याने काही होत नाही.

राहिला गणपतीचा प्रश्न. बसा, जरूर बसा. कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे सांगतात, पण नोटीस पाठवून ती पायरी त्यांनी आधीच चढली आहे, आणि बोलणी करायला कायद्याची आडकाठी कधीच नसते. फक्त नोटिशीचे उत्तर आणि भाड्याचे पाकीट त्याआधी पोस्टात पडलेले असू द्या, बैठकीला यजमानांना मुंबईहून बोलावून घ्या, आणि आरतीनंतरच्या गप्पांत कोणत्याही कोऱ्या किंवा भरलेल्या कागदावर सही करू नका. तुमच्याकडून मांडायच्या अटी अशा ठेवा : भाडे वाजवी वाढवून द्यायला तयार, पण करार भाडेपट्ट्याचा, तुमच्या नावाने, सर्व वारसांच्या सह्यांनी आणि नोंदणीकृत. सन २००० नंतर होणारा असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे. इमारत पाडायचीच असेल तर नव्या इमारतीत तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूचा किती चौरस फुटांचा गाळा, बांधकामाच्या काळात पर्यायी जागा किंवा तिचे भाडे कोण देणार, मुदत किती आणि ती चुकली तर काय, हे सगळे नोंदणीकृत करारात आल्यावरच किल्ली द्या. दावा लागल्यानंतरही लोकअदालतीत तडजोड करता येते. तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते, त्यामुळे तिथली वाक्ये सही करण्यापूर्वी दोनदा वाचून घ्या.

वकिलाच्या फीची चिंता तुम्ही शेवटच्या ओळीत, जवळजवळ संकोचाने, लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. चिपळूणच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करा, सोबत आधार कार्डाची प्रत आणि ही नोटीस जोडा. नोटिशीची मुदत संपायला आता फार दिवस उरलेले नाहीत, तेव्हा हा अर्ज याच आठवड्यात द्या.